राहात्याचे तीन काने

अहमदनगर या नावात काना नव्हता, मात्रा नव्हती, वेलांटीही नव्हती; सात सुटी अक्षरे एका शिरोरेषेखाली बसवली की पाटी तयार. २०२४ साली नाव अहिल्यानगर झाले आणि पाटी रंगवणाऱ्यापुढे वेलांटी, जोडाक्षर, काना असा सगळा संसार एकदम येऊन पडला. आता हे काम संगणकावरचा 'ब्रश फॉन्ट'ही करतो: खरबरीत कडा, शेवटाला केसांच्या रेघा, जणू आत्ताच कुणी कुंचला फिरवला. माझा आक्षेप या 'जणू'ला आहे. खरबरीतपणा म्हणजे हात नव्हे. कुंचल्यातला रंग संपत आला की फटकाऱ्याच्या शेपटाशी त्या रेघा उमटतात, आणि पाट्यांचा चांगला पेंटर कुंचला पुन्हा बुडवून त्या बुजवतो. त्याचा हात दिसतो तो कुंचल्याच्या कोनात, जाड-बारीक वळणात आणि दोन अक्षरांमध्ये सोडलेल्या जागेत. कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' हा फॉन्ट केला, तेव्हा नेमके हेच उचलले. त्याच्या कडा स्वच्छ आहेत. पण देवनागरीचा तिरका कोन त्यांनी रोमन अक्षरांनाही दिला, आणि पाटीची आठवण त्या कोनामुळेच होते.

यावर कोणी म्हणेल, नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरे तर मुद्दाम ओबडधोबड असत. असत, पण २०२० साली निवर्तलेल्या कमल शेडगे यांनी नाटकाचे शीर्षक काढले ते त्या नाटकापुरते. त्यातले अक्षर उचलून दुसऱ्या नाटकाला लावायचे नव्हते. फॉन्टला मात्र एकच काना हजारदा वापरायचा असतो. आपल्याच जिल्ह्यातला राहाता घ्या. या नावात तीन काने आहेत, आणि तिन्हींवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला की सोंग उघडे पडते. तंत्रज्ञ सांगतील, ओपनटाइपमध्ये एका अक्षराची तीन-चार रूपे ठेवून ती आलटून-पालटून आणता येतात. बरोबर आहे, आणि कान्याचा प्रश्न त्याने सुटतोही. शिरोरेषेचा सुटत नाही. पेंटर ती शब्दभर एका दमात ओढू शकतो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा डोक्यावर घेऊन येते आणि सांध्यावर पोत तुटतो. माझ्या मते शिरोरेषा सपाट ठेवावी आणि कुंचल्याचे काय ते चाळे तिच्याखाली करावेत. रोमन लिपीच्या ब्रश फॉन्टची नक्कल करणाऱ्याला हे सुचणार नाही, कारण तिथे ही रेषाच नाही.

उरला पैशाचा मुद्दा. छोट्या दुकानदाराला पेंटर परवडत नाही, फ्लेक्स परवडतो. हे मान्य, पण म्हणून खोटे ओरखडे घ्यायला हवेत असे नाही. 'यात्रा वन' फुकट मिळतो. आणि ब्रश फॉन्टच हवा असेल, तर विकत घेण्याआधी त्यात 'राहाता' लिहून पाहा.