परसातील कुक्कुटपालन आणि मोकाट कुत्र्यांचा उपद्रव : स्वरूप व उपाययोजना

प्रस्तावना :
ग्रामीण महाराष्ट्रात परसातील कुक्कुटपालनाकडे स्वतंत्र व्यवसाय म्हणून क्वचितच पाहिले जाते. ते घरकामाचाच एक भाग समजले जाते. तथापि अंडी व कोंबड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांत मुलांच्या वह्या, औषधपाणी व आठवडी बाजार असे अनेक खर्च त्यातून भागतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७१ कोटी पक्षी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत ही संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. त्याच गणनेत मोकाट कुत्र्यांची संख्या सुमारे १.५३ कोटी नोंदविली गेली. रोगराईपासून संरक्षणासाठी लसीकरणाचा प्रसार झाला. परंतु कुत्र्यांमुळे होणारी हानी मात्र दैवाधीन मानली जाते. ही हानी कशी होते व ती कशी टाळता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. हानीचे खरे स्वरूप :
मेलेल्या कोंबडीची किंमत बाजारभावाने मोजणे अपुरे ठरते. अंडे उबवण्यास २१ दिवस लागतात आणि पिल्लू अंड्यावर येण्यास साधारणतः पाच ते सहा महिने जातात. म्हणजेच एका रात्रीत कळप नष्ट झाल्यास पुढील सहा-सात महिन्यांचे उत्पन्न बुडते. खुडूक बसून पिल्ले काढणारी जाणती कोंबडी गेल्यास नवा कळप उभा करण्याचे साधनही हातचे जाते.

पशुसंवर्धन विभागाच्या योजनांतून अनुदानावर तलंगा व पिल्लांचे वाटप होत आले आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती गावठी कोंबडीपेक्षा अधिक अंडी देतात व वजनानेही अधिक भरतात. परंतु चपळ गावठी कोंबडी झाडावर किंवा कौलांवर उडून जीव वाचवू शकते. वजनदार पक्ष्यास ते तितके साधत नाही. त्यामुळे पक्षी सुधारला व निवारा जुनाच राहिला, तर धोका वाढतो.

२. कुत्र्याचे वर्तन व हल्ल्याची ओळख :
कुत्रा नेहमी भुकेपोटीच कोंबडी मारतो असे नाही. पळणारा, पंख फडफडवणारा पक्षी पाहताच त्याची पाठलागाची सहजप्रवृत्ती जागृत होते. बंद जागेत कोंबड्यांना पळता येत नाही आणि फडफड थांबत नाही. म्हणून तो एकामागून एक पक्षी मारत राहतो. अनेक मृत पक्षी, विखुरलेली पिसे, पाठीवर व मांड्यांवर चावे, बहुतेक मांस न खाल्लेले आणि खुराड्याजवळ उकरलेली माती ही कुत्र्याच्या हल्ल्याची प्रमुख लक्षणे होत. याउलट रानमांजर किंवा कोल्हा बहुधा एखादा पक्षी उचलून नेतो, तर मुंगूस लहान फटीतून शिरून डोके व मान यांवर चावा घेतो. हल्लेखोर ओळखल्यावाचून केलेला उपाय वाया जातो. मुंगसासाठी फटी बुजवाव्या लागतात, तर कुत्र्यासाठी पाया भक्कम करावा लागतो. हल्ला करणारा कुत्रा बेवारस असेलच असे नाही. रात्री मोकळा सोडलेला शेजाऱ्याचा पाळीव कुत्राही तो असू शकतो.

३. संरक्षणाचे उपाय :
(अ) खुराडे : षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवू शकते, कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही, ती दातांनी व पंजांनी फाटते. त्याऐवजी जाड तारेची, लहान छिद्रांची वेल्डेड जाळी आतून नव्हे तर बाहेरून ठोकावी, म्हणजे धक्का बसला तरी ती चौकटीवर दाबली जाते. कुत्रा भिंतीलगत उकरतो. म्हणून जाळी सुमारे ३० सें.मी. जमिनीत गाडावी किंवा बाहेरच्या बाजूस ४५ ते ६० सें.मी. आडवी पसरून तिच्यावर दगड रचावेत. दाराच्या कडीत खिटी घालावी.

(आ) दिवसाची राखण : डालग्याखाली ठेवलेली पिल्ले घारीपासून वाचतात, परंतु कुत्रा डालगे उलथवतो, त्यावर जड दगड ठेवण्याची जुनी रीत म्हणूनच योग्य आहे. परसाला बाभळीच्या काट्यांचे कुंपण किंवा कोकणात गडगा असल्यास त्यातील भगदाडे वेळोवेळी बुजवावीत. तिन्हीसांजेपूर्वी खुराड्यातच धान्य टाकल्यास कोंबड्या आपोआप परततात व अंधारात बाहेर राहत नाहीत.

(इ) उकिरडा : सोललेल्या कोंबडीची आतडी व पिसे किंवा रोगाने मेलेले पक्षी उघड्यावर टाकल्यास कुत्र्यांना त्या परसाची वाट कळते. ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. हा उपाय जवळजवळ बिनखर्ची असूनही सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

(ई) मानवी सुरक्षितता : कोंबडी सोडवताना कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब आरोग्य केंद्रात जाऊन रेबीज प्रतिबंधक लस घ्यावी.

४. विषप्रयोग व कायदा :
संतापाच्या भरात विष घातलेले अन्न टाकण्याचे प्रकार घडतात. ते विष कोंबड्या, मांजरे, घारी आणि लहान मुले यांच्यापर्यंतही पोहोचू शकते. शिवाय अन्न उपलब्ध असेल तर मेलेल्या कुत्र्यांच्या जागी दुसरी येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार दुसऱ्याची हानी करण्याच्या हेतूने प्राण्यास ठार मारणे किंवा विष घालणे हा पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदाही लागू होतो. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे मान्य करावी लागते. निर्बीजीकरणाने कुत्र्यांची संख्या काही वर्षांत घटते. परंतु त्याच गल्लीत परतलेल्या कुत्र्याची शिकारीची प्रवृत्ती त्याने नाहीशी होत नाही. कार्यक्रमाचे फळ उद्या मिळणार असले, तरी कोंबडीला संरक्षण आज रात्रीच हवे असते. शिवाय कुत्रा वन्यप्राणी नसल्याने वनविभागाकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईचा मार्गही येथे उपलब्ध नाही.

समारोप :
सारांश, मोकाट कुत्र्यांचा प्रश्न सार्वजनिक आहे, मात्र त्याची झळ एकेकट्या स्त्रीला सोसावी लागते. पिल्लांचे वाटप करणाऱ्या योजनेत भक्कम खुराड्याचाही विचार झाला, तर दिलेले पक्षी टिकतील. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामशिबिरांत एखादे आदर्श खुराडे बांधून दाखविणे आणि उकिरड्याच्या व्यवस्थेचे प्रबोधन करणे सहज शक्य आहे. काही हात जाळी, चार दगड आणि संध्याकाळची मूठभर ज्वारी एवढ्यावर एका कुटुंबाचे सहा-सात महिन्यांचे उत्पन्न वाचू शकते.