पोलादाला कोंदण

भोसरीच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. मुलगा हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात लॅबमध्ये लागला आहे. रोज घरी येऊन सांगतो, आज दहा माउंट केले, आज बारा. परवा त्याने खिशातून एक वडी काढून दाखवली. घेर कॅरमच्या सोंगटीएवढा, पण सोंगटीपेक्षा बरीच जाड. पारदर्शक, आणि आत गिअरचा एक दात. वाचक विचारतात, तपासायचा धातू, मग तो आधी प्लॅस्टिकमध्ये का पुरायचा?

लॅबमध्ये विचारलंत तर उत्तर मिळेल, पकडायला सोपं जातं म्हणून. ते खोटं नाही. नखाएवढा तुकडा फिरत्या पॉलिश पेपरवर बोटांनी धरून बघा, आधी तुकडा उडेल आणि मग बोटाची साल. पण नुसतं पकडायचंच असतं तर चिमटा पुरला असता. खरं कारण काठाशी आहे.

पैठणी घेताना बाई आधी काठ-पदर बघते, अंग नंतर. पोलादाचंही तसंच. गिअरला कार्बन पाजून कडक केलेला थर बाहेरचा जेमतेम मिलिमीटरभर. भट्टीत हवा लागून कार्बन उडून गेला असेल तर तोही त्वचेतूनच. गंज, मुलामा, थकव्याची चीर, सगळ्याची सुरुवात बहुतेकदा पृष्ठभागावर होते. आणि तुकडा घासताना नेमका हाच काठ आधी झिजतो. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गोलसर होतो. मोठ्या भिंगाखाली, म्हणजे पाचशे-हजार पट मोठं करून बघताना, मायक्रोस्कोपला जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपासची खोली स्पष्ट दिसते. काठ पाच मायक्रॉन खाली गेला की मधला भाग लख्ख आणि काठ धूसर. जे बघायला बसलो तेच दिसत नाही.

म्हणून काठाला टेकू हवा, अगदी चिकटून. सोनार हिऱ्याला कोंदण करतो ते शोभेसाठी, इथे ते चौकशीसाठी. द्रव एपॉक्सी रेझिन आणि हार्डनर वजन करून मिसळायचे, बुडबुडे येणार नाहीत असं सावकाश ढवळायचे, आणि कपात तपासायची बाजू खाली करून ठेवलेल्या तुकड्यावर ओतायचे. बरेचदा रात्रभर थांबावं लागतं. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर सढळ हाताने घालणारे महाभाग प्रत्येक लॅबमध्ये असतात. त्यांना हे पटत नाही की हार्डनर हा विरजणासारखा नाही. त्याचा कणन् कण रेझिनशी जोडला जायचा असतो, जास्तीचा उरला की वडी मऊ राहते. (आणि हातमोजे घालाच. हार्डनरची त्वचेला एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा कायमची.)

घाई असेल तर ॲक्रिलिक आहे, दहा-पंधरा मिनिटांत दगड होतं. पण घट्ट होताना आकसतं आणि धातूपासून सुटतं. त्या फटीत घासलेला चुरा बसतो, घडण खुलवायला लावलेलं आम्ल लपतं, आणि सगळं धुऊन-वाळवून मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर हळूच पाझरून डाग पाडतं. एपॉक्सी कमी आकसते आणि धातूला घट्ट धरते. गंमत म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान एपॉक्सीवर काम करत होते ते दातांच्या कवळ्यांसाठी. कवळ्यांचा धंदा ॲक्रिलिकने नेला. एपॉक्सी सिबा कंपनीकडे गेली, 1946 साली अरल्डाइट नावाने बाजारात आली आणि कपाचे तुटलेले कान जोडत आपल्या घरात शिरली. कवळीवरून भांडलेले हे दोघे आज लॅबच्या एकाच फळीवर शेजारी बसलेले असतात.

तिसरा मार्ग गरम माउंटिंगचा. बेकेलाइटची पूड, दाब आणि साधारण 150 अंश. काम झटपट होतं आणि बहुतेक नमुन्यांना चालतं. पण पाण्यात नुकतंच विझवलेलं कडक पोलाद 150 अंशांनाही थोडं बदलतं. म्हणजे साक्षीदाराला कोर्टात आणायच्या आधीच पढवल्यासारखं झालं. सर्किट बोर्डावरच्या सोल्डरच्या नाजूक डागाचं तर विचारूच नका.

आता ही सूक्ष्म पाहणी ज्याने सुरू केली, त्या माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. शेफील्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी. सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यातलं घराणं, खाऊनपिऊन सुखी, नोकरीची गरज नाही. म्हणून आईबरोबर राहत घरातच प्रयोगशाळा थाटली. 1849 साली त्याने खडकाचा काप काचेवर चिकटवून इंचाच्या हजाराव्या भागाइतका पातळ घासला. डोंगर काय मायक्रोस्कोपने बघायचे, म्हणून लोक हसले. पुढे उल्कांमधल्या लोखंडाच्या नादाने तो 1863 मध्ये पोलादाकडे वळला. तेव्हा शेफील्डचे कारागीर पोलादाची परीक्षा करत ती कांब मोडून, तुटलेला भाग नुसत्या डोळ्यांनी बघून. मायक्रोस्कोप काही सॉर्बीच्या एकट्याकडे नव्हता. त्याच्याकडे होतं ते पॉलिश. साध्या चकाकीत धातूचा वरचा थर लिंपला जातो आणि खरी घडण त्याखाली झाकली जाते, हे त्याने ओळखलं. चंदन उगाळावं तशा चिकाटीने घासून, सौम्य आम्लाने खुलवून त्याने तो थर काढला. लोखंडाचे कण दिसले. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक मारणारा एक घटकही दिसला, आजचा पर्लाइट.

आणि त्याचे ते तुकडे कशाने बसवलेले होते? कॅनडा बाल्समने, म्हणजे झाडाच्या रेझिनने. खडकाची युक्ती त्याने जशीच्या तशी पोलादाला लावली. धातूची सूक्ष्म पाहणी पहिल्या दिवसापासून डिंकावर उभी आहे, हे पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत.

1864 मध्ये त्याने हे सगळं बाथच्या विज्ञान परिषदेत दाखवलं. पुढची वीसेक वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. म्हातारपणी तो म्हणायचा, तेव्हा रेल्वे अपघातानंतर रूळ मायक्रोस्कोपखाली बघा असं सुचवलं असतं तर मला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं. जर्मनीच्या मार्टेन्सच्या नावाचा पोलादातला घटक, मार्टेन्साइट, आज प्रत्येक इंजिनिअरच्या तोंडी आहे. सॉर्बीच्या नावाचा सॉर्बाइट मात्र वापरातून गेला. मला हे आजही खुपतं.

हल्ली मायक्रोस्कोपबरोबर सॉफ्टवेअर विकतात. चित्र घातलं की कण मोजून, छिद्रांची टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढून देतं. मोजतंही चोख. पण फवारून चढवलेला सच्छिद्र मुलामा घ्या. निर्वात भांड्यात ठेवून छिद्रांमधली हवा काढली आणि एपॉक्सी आत जिरू दिली, तर घासताना कण जागेवर राहतात. नाहीतर ते निखळतात आणि तिथे नवे खड्डे पडतात. सॉफ्टवेअरला खड्डाही काळा, छिद्रही काळं. मुलामा एकच, माउंट करणारे हात दोन, आणि टक्केवाऱ्या दोन. जाहिरातीत टक्केवारी असते, नमुना कसा बसवला ते नसतं. सावध लॅबवाले एपॉक्सीत चमकणारा रंग मिसळतात. एपॉक्सी जिरलेलं मूळचं छिद्र निळ्या उजेडात झळकतं, घासताना पडलेला खड्डा काळाच राहतो.

तर वाचकहो, मुलाची ती वडी ट्यूबलाइटखाली जरा तिरकी धरून बघा. दाताभोवती चंदेरी रेघ चमकली तर ती हवा आहे, रेझिन धातूपासून सुटलंय. जमलेले माउंट नंबर टाकून लॅबच्या कपाटात जपून ठेवतात, ते कुणी खिशात घालून घरी आणत नाही.