वीस दिवस कोणते?

रत्नागिरीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी उतरते तेव्हा तिच्या भावाची बातमी होते; पण त्या भावावरून कोणताही जाणता व्यापारी हंगामाचे गणित मांडत नाही. पहिल्या पेटीचा भाव, ऐन एप्रिलमधील आवकेचा भाव आणि पावसाची चाहूल लागल्यानंतरचा भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. आजचा भाव कानावर आला की जुना दलाल तो मागील आठ-दहा दिवसांच्या भावांशी मनातच ताडून पाहतो आणि मग तोंड उघडतो. संख्याशास्त्रात या सवयीला चल सरासरी म्हणतात. आर. एच. हूकर या इंग्रज अभ्यासकाने 1901 मध्ये तिचा उपयोग केला तो विवाहांचे प्रमाण आणि देशाचा व्यापार यांचा संबंध शोधण्यासाठी. बाजार तेजीत असला की लग्ने अधिक होतात, हे व्यापारी घराण्यांना सांगण्यासाठी संख्याशास्त्राची गरज नव्हती, ही गोष्ट निराळी. पुढे 1909 मध्ये यूल यांनी या रीतीला आज रूढ असलेले ‘मूव्हिंग अ‍ॅव्हरेज’ हे नाव दिले.

आज दुकानाच्या गल्ल्यामागे संगणक आहे, घरात तीन-चार डीमॅट खाती आहेत आणि शेअरच्या आलेखावर वीस, पन्नास, दोनशे दिवसांच्या सरासरीच्या रेषा कोणत्याही मोबाइलवर दिसतात. मग ती सरासरी स्वतः काढण्याचा खटाटोप कशासाठी? कारण दुसऱ्याने काढलेली रेषा कशातून निघाली हे कळल्याशिवाय तिच्यावर पैसा लावणे म्हणजे खतावणी न पाहता ताळेबंदावर सही करणे होय. ज्या कुटुंबात रोजमेळ दररोज रात्री जुळवला जातो, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मूळ हिशेब अगदी साधा आहे. समजा, एका शेअरचा बंद भाव सोमवार ते शुक्रवार अनुक्रमे 200, 204, 202, 210 आणि 214 रुपये होता. बेरीज 1030, पाच दिवसांची सरासरी 206. पुढील सोमवारी भाव 220 झाला, तर सर्वांत जुना 200 बाहेर जातो, नवा 220 आत येतो, बेरीज 1050 होते आणि सरासरी 210. पुन्हा सगळी बेरीज करण्याचेही कारण नाही: आलेल्या व गेलेल्या भावातील फरक वीस, त्याला पाचाने भागले की चार, ते जुन्या सरासरीत मिळवावे. तोंडी हिशेबात वाढलेल्या पिढीला हे एका श्वासात जमेल.

प्रश्न उभा राहतो तो पंचवीस कंपन्या, पाच वर्षांचे भाव आणि कुटुंबातील चार खाती एकत्र आणल्यावर. एक्सेलच्या एका तक्त्यात सूत्र खाली ओढत नेण्याची रीत येथे अपुरी पडते. त्यासाठी एक्सेलमध्येच पॉवर पिव्हट आहे. 2010 च्या आवृत्तीसाठी तो प्रथम जोड म्हणून आला. त्याच घडणीचे पॉवर बीआय डेस्कटॉप 2015 पासून विनामूल्य उपलब्ध आहे. दोन्हींत भावांचा एक तक्ता, कंपन्यांचा दुसरा, तारखांचा तिसरा, असे वेगवेगळे तक्ते नात्यांनी जोडले जातात आणि हिशेबाची सूत्रे डॅक्स या भाषेत लिहिली जातात. भावांचा कच्चा माल राष्ट्रीय शेअर बाजार रोज देतो. त्या फायलीचे नावच मुळी ‘भावकॉपी’! इंग्रजी शब्दांनी भरलेल्या या व्यवसायात आपल्या पेढीवरचा ‘भाव’ असा टिकून राहिला आहे, याचे कौतुक वाटावे. जुलै 2024 पासून या फायलीची रचना बदलली, त्यामुळे त्याआधीचे व नंतरचे रकाने नीट जुळवून घ्यावे लागतात. रोखीच्या नेहमीच्या व्यवहारांची ‘ईक्यू’ ही मालिका तेवढी गाळून घ्यावी, नाहीतर निराळ्याच रोख्यांचे भाव यादीत मिसळतात.

खरी गफलत मात्र पुढे आहे. डॅक्समध्ये मागील काही दिवसांचा कालखंड देणारे ‘डेट्स-इन-पीरियड’ हे तयार कार्य आहे. त्याला वीस दिवस मागितले की ते पंचांगातील वीस दिवस देते. बाजार उघडा होता की बंद, याची चौकशी ते करीत नाही. वरच्याच उदाहरणात सोमवारी पाच दिवस मागितले, तर गुरुवार ते सोमवार असे पाच दिवस मिळतात. त्यांत भाव तीनच, 210, 214 आणि 220. सरासरी येते 214 रुपये 67 पैसे. खरी मात्र 210. आणि सुट्टीच्या दिवसांपुढे कोणी शून्य भरून ठेवले असेल, तर तीच सरासरी 128 रुपये 80 पैशांवर कोसळते. संगणक एकदाही कुरकुर करीत नाही. आकडा सुबक दिसतो, दोन दशांश स्थळांपर्यंत येतो आणि म्हणूनच फसवतो.

एप्रिल 2025 मधील दिवस मोजून पाहण्यासारखे आहेत. त्या महिन्यात 10 तारखेला महावीर जन्मकल्याणकानिमित्त, 14 ला आंबेडकर जयंतीनिमित्त आणि 18 ला गुड फ्रायडेनिमित्त बाजार बंद होता. सोमवार 21 एप्रिलपासून मागे पंचांगाचे वीस दिवस मोजले तर 2 एप्रिलपर्यंत पोहोचता येते आणि त्या अवधीत बाजार उघडा राहिलेले दिवस भरतात केवळ अकरा. खऱ्या वीस व्यवहार दिवसांसाठी मागे थेट 19 मार्चपर्यंत जावे लागते. याच अवधीत 7 एप्रिलला, अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने, सेन्सेक्स एका दिवसात 2,200 हून अधिक अंशांनी घसरला होता. वीस दिवसांच्या सरासरीत त्या एका दिवसाचा वाटा विसावा हवा. चुकीच्या सूत्रात तो अकरावा झाला. भीतीचे वजन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्या आकड्यावर विसंबून ज्याने विकायचे ठरवले असेल, त्याने बाजाराचे नव्हे, सूत्राचे ऐकले.

उपाय अवघड नाही, आणि तो वहीतल्या पान-क्रमांकासारखा आहे. तारखांच्या तक्त्यात, बाजार उघडा होता त्याच दिवसांना एक, दोन, तीन असे अनुक्रम द्यावेत. सुट्टीचा रकाना रिकामा ठेवावा. सूत्राने मग चालू तारखेचा क्रमांक पाहावा, त्यातून एकोणीस वजा करावेत आणि त्या दोन क्रमांकांच्या मधल्या, दोन्ही टोके धरून, बंद भावांची ‘अ‍ॅव्हरेज-एक्स’ने सरासरी घ्यावी. तारखांवर आधीपासून लागलेली गाळणी ‘ऑल’ने उठवावी लागते, अन्यथा सूत्राला त्या एका दिवसाखेरीज मागचे काही दिसतच नाही. मात्र कंपनीची गाळणी चुकूनही उठवू नये. ती उठली की पंचवीस कंपन्यांच्या भावांची खिचडी शिजते. ज्या कंपनीचे अजून वीस दिवस भरलेले नाहीत, तेथे सूत्राने रिकामी जागा परत करावी. आठ दिवसांच्या सरासरीला वीस दिवसांचे नाव देणे हा खोट्या मापाचाच प्रकार.

येथे एक गमतीचा पेच येतो. दिवाळीतील मुहूर्ताचे सौदे साधारण तासाभराचेच असतात. वहीपूजनाच्या परंपरेतील अनेक घरे त्या वेळी शकुनाची खरेदी करतात. त्या तासाचाही बंद भाव नोंदला जातो आणि सरासरीत तो पूर्ण दिवसाच्या बरोबरीने बसतो. तो ठेवावा की वगळावा यावर मतभेद होऊ शकतात. पण एकदा ठरवले की सर्व कंपन्यांना व सर्व वर्षांना तोच नियम लावावा.

दुसरा धोका रत्नागिरीकरांच्या शेजारीच सापडतो. शहराजवळ समुद्रकाठी, रनपारला ज्या फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसीचा कारखाना आहे, त्या कंपनीने 2021 मध्ये दहा रुपयांच्या दर्शनी मूल्याचा शेअर दोन रुपयांच्या पाच शेअरांत विभागला. भागधारकाचे धन तेवढेच राहिले. फक्त एका नोटेचे सुटे झाले. पण भावकॉपीतील जुने भाव आपोआप बदलत नाहीत. सोयीसाठी गोल आकडे धरू: विभाजनाआधी भाव स्थिर 500, नंतर 100. पहिल्या दिवशी वीस दिवसांची सरासरी येईल 480 आणि भाव 100! सरासरीखाली भाव गेला की विकावे, एवढेच शिकलेला माणूस त्या दिवशी घाबरून उत्तम माल फुंकून टाकील. म्हणून विभाजन व बोनस यांचा स्वतंत्र तक्ता ठेवून, त्या तारखेआधीचे सर्व भाव योग्य गुणोत्तराने भागून घ्यावे लागतात. या उदाहरणात ते पाचाने भागले की सरासरी 100 येते आणि आलेख शांत होतो.

इतके सारे अचूक केल्यावरही चल सरासरी भविष्य सांगत नाही. वीस दिवसांची साधी सरासरी भावाच्या सुमारे साडेनऊ व्यवहार दिवस मागे चालते. दोनशे दिवसांची सुमारे शंभर. मुंबईत 1865 मध्ये, अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव पडले आणि शेअरांचा डोलारा कोसळला, तेव्हा प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या जैन समाजातील मातब्बरालाही त्याचा तडाखा बसला. कोणतीही रेषा अशा दिवसाची आगाऊ सूचना देत नाही. तरीही रेषांनी रेषा कापल्या की पैसा होतो, असे सांगणारे वर्ग गावोगावी पोहोचले आहेत आणि तरुण मुले त्या आधारावर थेट वायदे-विकल्पांत उतरतात. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, मार्च 2024 अखेरच्या तीन वर्षांत या व्यवहारांतील 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यातील कित्येकांच्या पडद्यावर चल सरासरीच्या रेषा असणारच.

घरातील मुलाने किंवा सुनेने असा नमुना बांधला, तर त्याची कसोटी वडीलधाऱ्यांनी जुन्या रीतीने घ्यावी. एप्रिल 2025 मधील 21 तारीख निवडावी, एका कंपनीचे 19 मार्चपासूनचे वीस बंद भाव कागदावर एकाखाली एक उतरवावेत, बेरीज करून वीसाने भागावे आणि पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावे. पैशाचाही फरक आला, तर प्रथम 31 मार्च तपासावा: त्या दिवशी ईदनिमित्त बाजार बंद होता.