वर्ध्याच्या उन्हात एन्व्हलप

खंजिरीवर थाप पडली की आवाज क्षणात शिखराला जातो आणि तितक्याच झटक्यात विरतो. बासरीत तो फुंकरीबरोबर भरत जातो आणि फुंकर असेतो टिकतो. कान वाद्य ओळखतो ते बऱ्याच अंशी या चढउतारावरून. अॅनालॉग सिंथेसायझरच्या ऑसिलेटरला मात्र यातलं काही येत नाही. वीज असेपर्यंत तो एकाच जोराने वाजत राहतो. त्याला चढउतार देणारं सर्किट म्हणजे एन्व्हलप जनरेटर. ते विकत न घेता घरी जोडायचं ठरवलं आणि सुटे भाग आणायला नागपूर गाठलं.

या सर्किटची गोष्ट जुनी आहे. 1964 मध्ये सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच यांनी स्वर सुरू करायला दारावरच्या घंटीचं बटण वापरलं. पुढे संगीतकार व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी स्वराचे टप्पे नेमके मांडले. आज ते अटॅक (चढ), डिके (उतार), सस्टेन (टिकाव), रिलीज (विरणं) म्हणून ओळखले जातात. 1969 मध्ये मूगचं यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आलं. 1982 मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले ते रोलँड कंपनीच्या यंत्रांवर. त्यातल्या टीबी-303 वर एन्व्हलपचा वेळ बदलायला ‘डिके’चा एकच नॉब आहे, आणि तेवढ्यावर सिंग केवढं काम काढून घेतात!

मी जोडलेल्या सर्किटच्या मध्यभागी 7555 ही टायमर आयसी आहे. जुनी 555 स्थिती पालटताना विजेचा झटका ओढते आणि तो आवाजात ‘टक्’ असा उमटतो, म्हणून 7555. की दाबली की 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अटॅकच्या पॉटमधून, म्हणजे फिरवून बदलता येणाऱ्या रोधातून, भरू लागतो. 12 व्होल्टच्या पुरवठ्यावर तो 8 व्होल्टला, म्हणजे दोन तृतीयांशाला पोचला की आयसी पालटते आणि व्होल्टेज सस्टेनच्या पातळीकडे उतरू लागतं. की सोडली की रिलीज. पॉट 1 मेगाओहमवर नेला तर नुसत्या चढाला बारा सेकंदांच्या आसपास लागतात. ऑसिलोस्कोपवर ती रेषा चढताना पाहावी. मला तिचा कंटाळा येत नाही.

अडचण सुरू होते मे महिन्यात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीज पूर्ण धरून ठेवत नाही, माठासारखा पाझरतो. साध्या कपॅसिटरला 20 अंशांवर 3 मायक्रोअँपियरपर्यंतची गळती नियमानेच माफ असते. वर्ध्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि उष्णतेबरोबर गळतीही वाढते. चढाच्या शेवटी, 8 व्होल्टजवळ, 1 मेगाओहममधून जेमतेम साडेतीन मायक्रोअँपियर येतात. गळती त्याहून जास्त झाली की कपॅसिटर 8 व्होल्टपर्यंत पोचतच नाही. आयसी पालटत नाही, डिके सुरू होत नाही. स्वर वरच अडकून पडतो, आणि जोडणी तपासावी तर सगळं बरोबर.

फिल्म कपॅसिटर जवळजवळ पाझरत नाही, पण 10 मायक्रोफॅरडचा घेतला तर अंगाने मोठा आणि महाग. 1 मायक्रोफॅरडचा घेऊन तोच वेळ हवा असेल तर पॉट 10 मेगाओहमचा लागतो आणि तो दुकानात सहजी मिळत नाही. कमी गळतीचे इलेक्ट्रोलिटिक वेगळे बनतात. साध्यांचा दुकानात जुना साठा मिळाला तर गळती आणखी जास्त, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो. सध्या पॉट 470 किलोओहमचा बसवला आहे. त्यामुळे शेवटचा प्रवाह दुपटीने वाढतो आणि दुपारीही आयसी पालटते, पण सर्वांत लांब चढ सहा सेकंदांच्या खालीच संपतो. संथ भरत जाणारा स्वर हवा असेल तर सहा सेकंद अपुरे पडतात.