संकटघंटा आधीच चालू असावी काय?

नवा मोबाईल घेतला किंवा जुना 'अपडेट' झाला, की काही सोयी आपोआप चालू झालेल्या असतात. काही मात्र आपण शोधून चालू कराव्या लागतात. हा प्रश्न यंत्राचा वाटतो, पण आरोग्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. कारण बहुतेक माणसे कंपनीने जशी मांडणी करून दिली तशीच ती ठेवतात.

संकटकाळी मदत मागण्याची सोय घ्या. २०१६ साली केंद्र सरकारने मोबाईलमध्ये संकटबटण असावे असा नियम केला. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबायचे, अशी ती योजना. पुढे अनेक अँड्रॉइड फोनमध्ये हे बटण पाच वेळा दाबण्याची सोय आली. ब्रिटनमध्ये अशाच एका अपडेटनंतर खिशातल्या खिशात बटण दाबले जाऊ लागले, आणि २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या पोलिसांना मुके फोन वाढल्याची जाहीर सूचना द्यावी लागली. मुक्या फोनची चौकशी करण्यात वेळ गेला, की खरा रुग्ण खोळंबतो.

मग ही सोय बंदच असावी काय? वैद्यकात याला जुना दाखला आहे. १९९८ च्या मे महिन्यात खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली, २००० साली ती उठली आणि २००६ च्या मे महिन्यात पुन्हा लागू झाली. गर्भवतीला आयोडीन फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. हे नुकसान नंतर भरून येत नाही आणि ते बाळ काही मागूही शकत नाही. म्हणून तेथे 'आधीच चालू' हेच योग्य.

तेव्हा कोणत्याही बदलाला दोन प्रश्न विचारावेत. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सोय बंद राहिली तर काय बिघडेल? आणि न मागता चालू झाली तर कोणाला त्रास होईल? अ‍ॅपलच्या घड्याळात माणूस पडल्याचे ओळखणारी सोय आहे. ५५ किंवा त्याहून अधिक वय नोंदवलेल्यांसाठी ती आपोआप चालू होते. वय पाहून डोस ठरवावा, तसेच हे. मात्र बदल केल्याचे स्पष्ट सांगणे आणि बंद करण्याची वाट सोपी ठेवणे, ही दोन पथ्ये कंपनीने पाळलीच पाहिजेत.

मैंदर्गीत कितीतरी घरांत म्हातारीच माणसे राहतात, मुले सोलापूर-पुण्याला. मोठ्या रुग्णालयासाठी अक्कलकोट किंवा सोलापूर गाठावे लागते. म्हणून सणाला घरी आलेल्या मुलांनी एक काम करावे. आईवडिलांच्या फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू आहे की बंद ते पाहावे, ती कशी चालते हे त्यांना समजावून सांगावे आणि त्यांच्या संमतीनेच ठरवावे. जवळच्या माणसांचे नंबर, रक्तगट, चालू औषधे आणि कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, ही माहितीही भरावी. ती कोणताही फोन आपणहून भरून घेत नाही.

चुकून ११२ लागलाच तर घाबरून फोन ठेवू नका. चुकून लागला एवढे सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. तो नंबर मात्र आजीआजोबांना तोंडपाठ हवा.