मुशी, चिंच आणि युरिया

डहाणूच्या बाजारात मुशी घेताना जाणकार बाई आधी नाक पुढे करते. उग्र वास आला, की "कालची दिसते" म्हणत पुढच्या टोपलीकडे. नाक बरोबर सांगतं. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, अंगात युरिया असतो. तलासरीच्या भातखाचरांत पडतो तोच. मासा मेला, की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. कालवणात चिंच सढळ हाताने पडते ती उगीच नाही. आंबटापुढे अमोनिया गप्प!

पण एवढा युरिया बाळगायचा कशाला? मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं ना, तसंच खारा समुद्र माशाच्या अंगातलं पाणी ओढत असतो. युरियाने रक्त समुद्राच्या तोडीचं केलं, की गळती बंद.

गोड्या पाण्यात मात्र हीच युक्ती अंगाशी येते. पाणी उलट आत घुसतं. म्हणून बहुतेक शार्क नदीकडे फिरकत नाहीत. बुल शार्क फिरकतो. नदीत शिरताच तो रक्तातला युरिया जवळपास निम्म्यावर आणतो आणि घुसलेलं पाणी पातळ लघवीवाटे बाहेर टाकत राहतो. ॲमेझॉनमध्ये तो समुद्रापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त आत, पेरूतल्या इकितोसपर्यंत पोहोचलाय. त्यापुढे आपलं मनोर म्हणजे अंगणच.

तिथेच, वैतरणेच्या खाडीत, फेब्रुवारी 2024 मध्ये मासे धरायला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. पुढे ती बुल शार्क मादी मेलेली सापडली, आणि पोटात पिल्लं! मोठ्या शार्कांचा वावर कमी, म्हणून या माद्या विण्यासाठी खाडी गाठतात. दहा-अकरा महिने पिल्लं नाळेने आईला जोडलेली असतात. बारशाला मात्र आई थांबत नाही.

आपल्या खाडीच्या गढुळात शिकार दिसते कशी? दिसत नाही, जाणवते. शार्कच्या थोबाडावरच्या बारीक छिद्रांना दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतली वीज कळते.

मुशीला हाडं नसतात, सगळी कूर्चा. कातडीवर मात्र दातांच्याच घडणीचे बारीक खवले. टोपलीतल्या मुशीवर शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून बघा, थेट पॉलिश पेपर! फक्त मावशींचं लक्ष नसताना. हात लावलात तर घ्यावीच लागेल.