डॉक्टरांनी हात धुणं हा नैतिकतेचा प्रश्न का आहे?

१८४७ साली व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये दोन प्रसूती विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणींचे मृत्यू कितीतरी जास्त व्हायचे. कारण? विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीसाठी यायचे.

डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये जवळपास २ टक्क्यांवर आलं. तरीही अनेक ज्येष्ठ डॉक्टरांनी ते मानलं नाही. आपल्याच हातांमुळे रुग्ण दगावतात, हे पचवणं जड होतं.

भारतात २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच वर्तन, नैतिकता आणि संवादाचे धडे आहेत. पण खरी कसोटी वॉर्डात लागते. वरिष्ठ हात न धुता पुढच्या रुग्णाकडे वळले, तर विद्यार्थी बोलेल का? रुग्ण म्हणून तुम्हीही विचारू शकता, "डॉक्टर, हात धुतलेत ना?"